पडद्यावरचे बटण आणि ग्राहकाचे हित

दुकानाच्या पायरीवर पाऊल ठेवताच "या, काय देऊ?" असे विचारणारा दुकानदार महाराष्ट्रातील गावोगावच्या बाजारपेठांत आजही भेटतो. गिऱ्हाईक कोण, त्याला काय हवे, त्याची ऐपत किती आणि घाई किती, याचा अंदाज त्याला क्षणात येतो. गिऱ्हाइकालाही दुकानदाराचा चेहरा वाचता येतो. तराजूच्या काट्यावर त्याची नजर असते आणि भाव पटला नाही तर पिशवी उचलून समोरच्या दुकानात जाण्याची त्याला मुभा असते. गेल्या काही वर्षांत या व्यवहाराचा फार मोठा भाग मोबाइल फोनच्या पडद्यावर गेला. विजेचे देयक, रेल्वेचे तिकीट, किराणा, औषधे, बँकेतील शिल्लक, सातबाऱ्याचा उतारा या साऱ्यांसाठी आता पडद्यावरील बटण दाबावे लागते. पडद्याला चेहरा नाही आणि त्याच्याशी घासाघीसही करता येत नाही. त्यावर कोणते बटण कोठे असावे, ते केवढे असावे, त्यावर कोणते शब्द असावेत, हे दूर कोठेतरी बसलेल्या माणसांनी आधीच ठरवलेले असते.

हे ठरवण्याचे जे शास्त्र गेल्या तीस-चाळीस वर्षांत आकारास आले त्यास 'यूजर एक्स्पीरियन्स डिझाइन' म्हणजेच वापरणाऱ्याच्या अनुभवाची रचना असे नाव आहे. या शास्त्रापुढील मुख्य प्रश्न मात्र नवा नाही, तो बाजारपेठेइतकाच जुना आहे. वापरणाऱ्याला आपले काम थोडक्यात, बिनचूक आणि बिनखर्चात व्हावे असे वाटते. कंपनीला विक्री व्हावी, ग्राहक पुन्हा यावा आणि नोकरांचे पगार भागून नफा उरावा असे वाटते. दोन्ही अपेक्षा रास्त आहेत. त्या एकाच पडद्यावर कशा नांदवायच्या, हे रचनाकाराला ठरवावे लागते.

लोट्याची गोष्ट

भारताला हा विचार परका नाही. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन रचनाकार दांपत्याला भारत सरकारने पाचारण केले आणि त्यांनी १९५८ मध्ये आपला अहवाल सादर केला. या अहवालात त्यांनी सर्वाधिक कौतुक केले ते कोणत्याही यंत्राचे नव्हे, तर आपल्या घरोघरच्या लोट्याचे. लोटा घडवायचा तर कोणकोणत्या गोष्टींचा विचार करावा लागेल याची त्यांनी यादीच दिली. त्यात पाणी किती मावावे, ते ओतावे कसे, उचलणारा हात केवढा, भांडे डोक्यावरून न्यायचे की कमरेवरून, भरलेले असताना तोल कसा राहील, हे सारे होते. त्याच यादीत ते घडवण्यास खर्च किती, ते टिकेल किती आणि मोडीत निघाल्यावर धातूचे मोल किती येईल, हेही होते. वापरणाऱ्याची सोय आणि व्यवहाराचा हिशेब त्यांनी वेगवेगळ्या कागदांवर मांडला नाही, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. या अहवालाच्या प्रेरणेने १९६१ मध्ये अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. महाराष्ट्रात पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत १९६९ मध्ये औद्योगिक डिझाइन केंद्र सुरू झाले. रुपयाचे आज सर्वत्र दिसणारे चिन्ह ज्यांनी रेखाटले आणि २०१० मध्ये जे शासनाने स्वीकारले, ते डी. उदयकुमार याच केंद्राचे विद्यार्थी होत.

संगणकाच्या क्षेत्रात या विचाराला वळण दिले ते डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने. दैनंदिन वस्तूंच्या मानसशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. ढकलावयाच्या दारालाच ओढण्याची मूठ बसवली तर माणूस ती ओढणारच आणि तसे झाल्यास दोष माणसाचा नसून दाराचा आहे, असे त्यांचे म्हणणे. 'ढकला' अशी पाटी लावावी लागणे हीच दाराची रचना चुकल्याची खूण होय. पुढे १९९३ च्या सुमारास अॅपल कंपनीत काम करताना नॉर्मन यांनी आपल्या पदनामातच 'यूजर एक्स्पीरियन्स' हे शब्द योजले आणि तेथून ते जगभर रूढ झाले.

आधी कार्ड, मग पैसे

दोन्ही बाजूंचे हित एकाच बदलाने कसे साधते याचे उत्तम उदाहरण म्हणजे पैसे देणारे यंत्र, अर्थात एटीएम. लंडनच्या उत्तरेस एन्फिल्ड येथील बार्कलेज बँकेत २७ जून १९६७ रोजी असे यंत्र सुरू झाले. त्यामागे असलेले जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म भारतातील शिलाँगचा. गुप्त क्रमांक सहा आकडी असावा असा त्यांचा मूळ विचार होता. परंतु घरी पत्नीला विचारले असता आपल्या ध्यानात चारच आकडे राहतील असे तिने सांगितले, आणि क्रमांक चार आकडी झाला, अशी आठवण त्यांनी उत्तरायुष्यात सांगितली. सुरक्षिततेच्या दृष्टीने सहा आकडे अधिक चांगले, यात शंका नाही. पण जो क्रमांक लक्षात राहत नाही तो माणूस कागदावर लिहून पाकिटात ठेवतो आणि मग सहा काय किंवा दहा काय, सुरक्षितता उरतच नाही. स्वयंपाकघरातील या चौकशीत या शास्त्राचे बरेचसे सार आले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

भारतात असे यंत्र प्रथम मुंबईत आले ते १९८७ मध्ये. जगभरच्या सुरुवातीच्या अनेक यंत्रांत आधी नोटा बाहेर येत आणि मागाहून कार्ड परत मिळे. याचा परिणाम असा झाला की नोटा मोजत मोजत लोक निघून जात आणि कार्ड यंत्रातच राही. यात विसराळूपणापेक्षा मनाचा धर्म अधिक आहे. माणूस पैशासाठी यंत्रापाशी आलेला असतो. पैसे हातात पडले की मनाच्या लेखी ते काम संपते आणि संपलेल्या कामाचा उरलेला भाग मनातून निसटतो. 'कार्ड घेण्यास विसरू नका' अशी पाटी लावूनही हे टळत नाही. मग क्रम बदलण्यात आला. कार्ड काढून घेतल्याखेरीज नोटा बाहेर येणार नाहीत, अशी व्यवस्था बहुतेक यंत्रांत झाली. ग्राहकाला दोन-तीन सेकंद अधिक थांबावे लागले, पण त्याचा हेलपाटा वाचला आणि बँकेचा नवे कार्ड देण्याचा खर्चही वाचला. काही वेळा वापरणाऱ्याला किंचित अडवणे हीच त्याची खरी सेवा ठरते, हे यावरून दिसते. सर्व काही विनाअडथळा, एका स्पर्शात व्हावे, असा जो आग्रह आजकाल धरला जातो तो सरसकट मान्य करण्यासारखा नाही.

भाजीवालीची पेटी

भारतीय राष्ट्रीय देयक निगमाने विकसित केलेली यूपीआय प्रणाली ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत जाहीर झाली. ऑगस्ट २०२५ या एकाच महिन्यात तिच्याद्वारे २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. इतक्या मोठ्या प्रमाणावर जी गोष्ट वापरली जाते तिच्यातील लहानशी सोय किंवा गैरसोयही किती जणांना भोवते, याची कल्पना यावरून करता येईल.

या प्रणालीत विक्रेत्याची एक अडचण आरंभी कोणाच्या ध्यानात आली नव्हती. भाजी विकणाऱ्या बाईचे हात ओले असतात, समोर चार गिऱ्हाइके उभी असतात आणि फोन पदराआड किंवा गल्ल्याखाली असतो. पैसे आल्याचा संदेश फोनवर येई, पण तो उघडून वाचायचा कधी? तो बहुधा इंग्रजीत असे, हे आणखी वेगळेच. गिऱ्हाईक आपल्या फोनचा पडदा दाखवून "गेले पैसे" म्हणे आणि त्यावर विश्वास ठेवण्याखेरीज गत्यंतर नसे. जुन्या व्यवहाराचे चित्र दाखवून पोबारा करणारेही निघाले.

यावर उपाय म्हणून २०१९ मध्ये पेटीएम कंपनीने एक लहानशी पेटी आणली आणि पुढे इतर कंपन्यांनीही तशा पेट्या आणल्या. खात्यात रक्कम जमा होताच ती पेटी मोठ्याने तसे सांगते. मराठीसह अनेक भारतीय भाषांत ती बोलते. पुण्याच्या मंडईत किंवा कोल्हापूरच्या चहाच्या गाड्यावर आता हा आवाज नेहमीचा झाला आहे. वाचता येण्याची, हात पुसण्याची, गिऱ्हाइकावर संशय घेण्याची गरज उरली नाही.

या पेटीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. यूपीआय व्यवहारांवर विक्रेत्याकडून घ्यावयाचे शुल्क १ जानेवारी २०२० पासून शून्य करण्यात आले. लहान विक्रेत्याच्या दृष्टीने ही मोठीच सवलत, पण सेवा चालवणाऱ्या कंपनीपुढे उत्पन्नाचा प्रश्न उभा राहिला. पेटीसाठी दरमहा आकारले जाणारे भाडे हे त्याचे एक उत्तर ठरले. व्यवहारांच्या नोंदींवरून विक्रेत्याला कर्ज मिळवून देणे हे दुसरे. पहिल्या उत्तरात खोट काढता येणार नाही. विक्रेत्याला गरज होती, ती भागली आणि तिचे मोल त्याने जाणूनबुजून दिले. भाड्याची रक्कम आणि पेटी परत करण्याची रीत आरंभीच स्पष्ट सांगितलेली असावी, एवढीच अट.

पैसे मिळण्यासाठी दाबलेले बटण

याच प्रणालीतील एक सोय मात्र अंगाशी आली. आपल्याला कोणाकडून पैसे येणे असतील तर त्यास पडद्यावरून मागणी पाठवता येत असे. समोरच्याने ती मान्य करून आपला गुप्त क्रमांक घातला की पैसे मिळत. मित्रांनी जेवणाचा खर्च वाटून घ्यावा, भाडेकरूला भाड्याची आठवण द्यावी, यासाठी ही योजना सोयीची होती. पण भामट्यांनी तिच्यातील उणीव हेरली. जुने कपाट विकायला काढलेल्या गृहस्थास फोन येई. गिऱ्हाईक म्हणे, "पैसे पाठवतो, तुम्ही फक्त मान्य करून पिन घाला." पैसे येणार या समजुतीने तो गृहस्थ क्रमांक घाली आणि त्याच्याच खात्यातून रक्कम जाई. अनेक निवृत्तांची साठवण अशा रीतीने गेली आहे.

पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हा इशारा बँकांनी आणि पोलिसांनी वारंवार दिला. तो खराही आहे. परंतु नॉर्मन यांच्या दाराचा दाखला येथे लागू पडतो. दर खेपेस ढकलण्याची पाटी लावावी लागत असेल, तर दारच बदलले पाहिजे. अखेरीस १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोय बंद करण्यात आली. व्यापाऱ्यांसाठी ती चालू राहिली. ज्यांनी ती प्रामाणिकपणे वापरली त्यांची थोडी गैरसोय झाली असेल, पण फसवणुकीचा एक राजमार्ग बंद झाला.

मोजता येते ते आणि न येणारे

कंपन्या आपल्या पडद्यांची परीक्षा दोन प्रकारे घेतात. पहिल्या प्रकारात काही माणसांना समोर बसवून काम करायला देतात आणि ती कोठे अडतात, कोठे कपाळाला आठी पडते, हे मुकाट्याने पाहतात. जेकब नीलसन या अभ्यासकाने दाखवून दिले की यासाठी शेकडो माणसे लागत नाहीत, पाच जणांना पाहिले तरी बहुतेक दोष उघडे पडतात. खर्चाच्या मानाने एवढा फायदेशीर उपाय दुसरा नसेल, तरी तो टाळण्याकडेच अनेकांचा कल असतो. दुसऱ्या प्रकारात पडद्याचे दोन नमुने करून एक नमुना काही हजार लोकांना व दुसरा तितक्याच लोकांना दाखवतात आणि कोणत्या नमुन्यावर बटण अधिक दाबले गेले ते मोजतात. गूगलने एकदा निळ्या रंगाच्या ४१ छटा अशा रीतीने पारखल्या होत्या.

दुसरी रीत वरवर निर्दोष वाटते आणि तेथेच धोका आहे. बटण किती वेळा दाबले गेले हे मोजता येते. दाबणाऱ्याला ते दाबायचे होते काय आणि महिन्याने त्यास पश्चात्ताप झाला काय, हे मोजले जात नाही. 'नको' हे अक्षर फिकट आणि बारीक केले की 'हवे' दाबणारे वाढतात आणि हिशेबाच्या तक्त्यावर ती सुधारणा म्हणून नोंदली जाते. रचनाकाराच्या मनात कपट असतेच असे नाही. महिन्याअखेरीचा आकडा वाढला की शाबासकी मिळते आणि पायरीपायरीने रचना ग्राहकापासून दूर सरकते.

याउलट, तात्काळ तोटा सोसून ग्राहकाची गरज भागवल्याचे उदाहरणही भारतातच आहे. बेंगळुरूच्या फ्लिपकार्ट कंपनीने २०१० मध्ये वस्तू घरी पोहोचल्यावर रोख पैसे देण्याची सोय सुरू केली. न पाहिलेल्या वस्तूसाठी आगाऊ पैसे देण्यास आपल्याकडील ग्राहक धजत नव्हता, आणि त्याचे चुकत होते असे कोण म्हणेल? या सोयीमुळे कंपन्यांचा खर्च वाढला, परत येणाऱ्या पुडक्यांचा भुर्दंड पडला. पण त्या विश्वासावरच पुढचा व्यापार उभा राहिला.

फसव्या रचनांना पायबंद

वापरणाऱ्याला गोंधळात टाकून त्याच्याकडून नको ते करवून घेणाऱ्या मांडणीस हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश रचनाकाराने २०१० मध्ये 'डार्क पॅटर्न' हे नाव दिले. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा रचनांना प्रतिबंध करणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत १३ प्रकार नमूद आहेत. मालाचा साठा मुबलक असताना 'शेवटचे दोन नग उरले' असे भासवणे, खरेदीच्या यादीत ग्राहकाला न विचारता विमा किंवा देणगी घालणे, आरंभी एक किंमत दाखवून शेवटच्या पडद्यावर निरनिराळे आकार लावणे, नकार देणाऱ्यास 'मला सुरक्षितता नको' यांसारखे ओशाळवाणे वाक्य निवडावयास लावणे, हे त्यांतील काही. जाहिरात बातमीच्या वेषात दाखवणे आणि नको म्हटले तरी पुन्हा पुन्हा विचारत राहणे हेही त्यांत येते. भारतात वस्तू वा सेवा देणाऱ्या सर्व संकेतस्थळांना, जाहिरातदारांना व विक्रेत्यांना ही तत्त्वे लागू आहेत. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने कंपन्यांना तीन महिन्यांच्या आत आपापल्या पडद्यांची स्वतःच तपासणी करण्यास सांगितले.

या १३ प्रकारांत वर्गणीचा सापळा हा विशेष ध्यानात घ्यावा असा. सभासद होण्यास एक स्पर्श पुरतो आणि सभासदत्व सोडायचे म्हटले की वाट सापडत नाही. अमेरिकेत अॅमेझॉन कंपनीविरुद्ध तेथील व्यापार आयोगाने २०२३ मध्ये दावा दाखल केला. सभासदत्व रद्द करण्यासाठी ग्राहकाला चार पाने, सहा स्पर्श आणि पंधरा पर्याय ओलांडावे लागत आणि कंपनीत या प्रक्रियेला होमरच्या प्रदीर्घ महाकाव्यावरून 'इलियड' म्हणत, असे आयोगाचे म्हणणे होते. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने आरोप मान्य न करता २५० कोटी डॉलर देऊन तडजोड केली. त्यातील १५० कोटी ग्राहकांना परत करण्यासाठी होते. नाव देणाऱ्याची विनोदबुद्धी कंपनीला महागात पडली.

महाराष्ट्राला ग्राहक चळवळीची जुनी परंपरा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. त्या काळी भेसळ, काटामारी आणि कृत्रिम टंचाई यांच्याशी लढा होता. 'शेवटचे दोन नग' ही त्या टंचाईचीच पडद्यावरील आवृत्ती नव्हे काय?

ग्राहकाचे शब्द

शासकीय सेवांत नफ्याचा हेतू नसतो, तरी कार्यालयाची सोय आणि नागरिकाची सोय यांतील ओढाताण तेथेही असते. महाराष्ट्राच्या महाभूलेख संकेतस्थळावर सातबारा शोधणाऱ्यास गट क्रमांक ठाऊक नसेल तर पहिले नाव, मधले नाव किंवा आडनाव यांवरूनही शोध घेता येतो. अभिलेख ठेवणाऱ्याच्या दृष्टीने गट क्रमांक पुरेसा आहे. पण मुंबईत गिरणीत आयुष्य काढलेल्या माणसाच्या नातवाला गावच्या जमिनीचा गट क्रमांक कोठून माहीत असणार? त्याला आजोबांचे नाव तेवढे ठाऊक असते. शोधाची ही वाट ज्याने ठेवली त्याने नागरिकाच्या जागी उभे राहून विचार केला, असे दिसते.

खासगी सेवांत मराठीचा पर्याय पुष्कळदा असतो, पण तो अर्धवट असतो. पहिली दोन पाने मराठीत आणि अटी व शर्ती मात्र इंग्रजीत. जेथे पैसे जायचे तेथील भाषा ग्राहकाला कळणारी आणि जेथे त्याचे हक्क लिहिले तेथील न कळणारी, असा हा प्रकार आहे आणि तो अनवधानाने घडतो असे दर वेळी मानणे कठीण जाते.

पडद्यावर फसगत झाल्याचे वाटल्यास ग्राहकाला राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतूनही तक्रार नोंदवता येते. तक्रारीसोबत त्या पडद्याचे तारीख व वेळ दिसेल असे चित्र जपून ठेवावे, कारण दुकानाची पाटी जागच्या जागी राहते, पडद्यावरील मजकूर मात्र दुसऱ्या दिवशी तोच असेल याची खात्री नसते. पैसेच गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर गुन्हे साहाय्य क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्यापूर्वी ती गोठवता येण्याचा संभव पहिल्या काही तासांतच अधिक असतो.